इंग्रजी वाक्यातला कर्ता कसा पकडायचा: सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळच्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं: "द प्राइस ऑफ द बॅग्ज ___ गॉन अप." गाळलेल्या जागी हॅज की हॅव? खानापूरहून बसने येणारी एक मुलगी म्हणाली, "टीचर, पोती लई हाईत की, मग हॅव नको काय?" मी म्हटलं, हेच मराठीत सांग बघू. ती लगेच म्हणाली, "पोत्यांचा दर वाढलाय." मी विचारलं, "वाढलेत का नाही म्हणालीस?" ती क्षणभर थांबली. "वाढलाय तो दर. पोती कशी वाढतील?"

उत्तर तिच्याजवळ होतंच. ते वापरायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांतून आलेली कितीतरी मुलं सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंटच्या नावाने पंचवीस-तीस नियम पाठ करत बसतात आणि परीक्षेत ऐनवेळी गोंधळतात. खरं तर कर्ता आणि क्रियापद जुळवायचं काम तुम्ही बोलायला लागल्यापासून करताय, आणि तेही इंग्रजीपेक्षा अवघड. मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणेही बदलतं: दर वाढला, किंमत वाढली, भाडं वाढलं. इंग्रजीत लिंगाचा प्रश्नच येत नाही. एक की अनेक, मुख्यतः एवढंच बघायचं. म्हणून या लेखात मी मराठीचा आधार घेऊन पुढे जाणार आहे. जिथे मराठीच आपल्याला चुकीच्या वाटेला नेते, त्या जागाही दाखवणार आहे, कारण आपल्या मुलांचे गुण तिथेच जातात.

हे प्रश्न येतात कुठे, ते आधी सांगते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन, म्हणजे एसएससी, जी सीजीएल परीक्षा घेतं, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात आणि चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण कापतात. सरकारी बँकांच्या भरतीसाठी असलेल्या आयबीपीएसच्या क्लार्क (आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट) पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. तिथे चुकीला पाव गुण जातो. बाकीचा पेपर कुठल्याही भाषेतून दिला तरी इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच असतो. एरर स्पॉटिंगमध्ये वाक्याचे तुकडे पाडून चूक कुठल्या तुकड्यात आहे ते विचारतात. सेंटेन्स करेक्शन किंवा इम्प्रूव्हमेंटमध्ये अधोरेखित भागाला पर्याय देतात. दोन्हीकडे रीत एकच. एमबीएसाठी जीमॅट देणाऱ्यांनी मात्र जुनी पुस्तकं घेऊन यावर महिने घालवू नयेत. फेब्रुवारी २०२४ पासून त्या परीक्षेत सेंटेन्स करेक्शन हा प्रकारच उरलेला नाही.

सुरुवात क्रियापदापासून

वाक्य हातात आलं की आधी क्रियापदाखाली रेघ मारा. कर्ता नंतर. कारण वाक्यात नामं पाच-सहा असतात, क्रियापदं एक-दोनच.

आणि सगळ्याच क्रियापदांत ही चूक होऊ शकत नाही. विल, कॅन, शुड, मस्ट, मे यांच्या मागे येणारं क्रियापद कधी बदलत नाही. वॉज-वेअर सोडलं तर साधा भूतकाळही बदलत नाही: "ही सोल्ड", "दे सोल्ड". चूक लपायच्या जागा मोजक्याच: इज-ॲम-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डज-डू आणि वर्तमानकाळात क्रियापदाला लागणारा एस. वाक्यात यांपैकी काहीच नसेल तर ॲग्रीमेंटचा विचार सोडून द्या, चूक दुसरीकडे आहे.

त्या एसबद्दल थोडं. नामाला एस लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन. "फार्मर सेल्स", "फार्मर्स सेल". नवख्या मुलाला हे उलटं वाटतं. मी मुलांना सांगते की घरात छत्री एकच आहे, ती कर्त्याने नेली तर क्रियापदाने बिनछत्रीचं जायचं. "चिल्ड्रन", "मेन", "पीपल" ही मंडळी एस न लावताच अनेकवचनी असतात, तेवढी लक्षात ठेवा. आय आणि यू यांच्या क्रियापदालाही एस लागत नाही.

मग क्रियापदाला विचारा: कोण? काय?

इथे जरा थांबून नीट समजून घेऊ, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न एवढ्यात सुटतात.

मराठीत नामाला प्रत्यय लागला की नामाचं रूप बदलतं. पोती, पण पोत्यांचा, पोत्यांत, पोत्यांसह. शाळेत आपण याला सामान्यरूप म्हणून शिकलो. असं रूप बदललेलं नाम क्रियापदावर हुकूम चालवू शकत नाही. "पोत्यांचा दर वाढला" यात पोत्यांना क्रियापदाशी बोलायचा हक्कच नाही. शिवाय मराठीत वर्णन आधी येतं आणि मुख्य नाम शेवटी, क्रियापदाच्या जवळ. त्यामुळे आपली जीभ चुकत नाही.

इंग्रजीत याच्या नेमकं उलट. मुख्य नाम आधी, वर्णन नंतर: "द प्राइस ऑफ द बॅग्ज". दर राहिला लांब आणि पोती येऊन बसली क्रियापदाच्या शेजारी. त्यात बॅग्ज या शब्दाचं रूप तिळमात्र बदललेलं नाही, म्हणून तीच कर्ता वाटते. प्रश्न काढणारा या शेजाऱ्याचाच फायदा घेतो.

मग इंग्रजीतलं सामान्यरूप ओळखायचं कसं? नामाच्या आधी ऑफ, इन, ऑन, फॉर, फ्रॉम, विथ, बिट्वीन, अमंग यांसारखं प्रीपोझिशन आहे का बघा. असेल तर ते नाम मराठीत सामान्यरूपात जाणार. पेन्सिलीने त्या सगळ्या तुकड्याला कंस करा. कंसाबाहेर जे नाम उरलं तो कर्ता.

हे वाक्य बघा: "द कंडिशन ऑफ द रोड्स बिट्वीन खानापूर अँड द फॉरेस्ट व्हिलेजेस गेट वर्स एव्हरी मान्सून." क्रियापद गेट. शेजारी व्हिलेजेस. त्याआधी अँड, त्याआधी रोड्स. सगळीकडे अनेकवचनाची गर्दी. कंस करत या. ऑफ द रोड्स, कंसात. बिट्वीनपासून व्हिलेजेसपर्यंत, कंसात. उरलं काय? द कंडिशन. म्हणून गेट्स. मराठीत म्हणून बघा: "खानापूर आणि जंगलातल्या गावांमधल्या रस्त्यांची अवस्था दर पावसाळ्यात वाईट होते." होतात असं कुणाच्या तोंडून येणार नाही.

याच कुळातला दुसरा सापळा म्हणजे विथ, अलाँग विथ, टुगेदर विथ, ॲज वेल ॲज, इन ॲडिशन टू, इन्क्लुडिंग, बिसाइड्स, एक्सेप्ट. "द बॉय, अलाँग विथ हिज फ्रेंड्स, हॅज गॉन टू द फेअर." मुलगा मित्रांसह जत्रेला गेला. गेले नव्हे, गेला. ॲज वेल ॲजचा अर्थ मुलं "आणि" असा लावतात आणि मग अनेकवचन करून बसतात. त्याचा अर्थ "बरोबरच" असा लावायची सवय करा: "भावांबरोबरच बहीणही शिकते." कर्ता बहीण. इंग्रजीत ती आधी येईल: "द सिस्टर, ॲज वेल ॲज हर ब्रदर्स, स्टडीज."

मराठी जिथे फसवते

आता मराठीवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर काय होतं ते बघा. माझ्या मते मराठी माध्यमाच्या मुलाने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. बाजारात मिळणारी मार्गदर्शकं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या मुलाला समोर ठेवून लिहिलेली असतात, त्यांत आपल्या चुका सापडत नाहीत.

पहिली चूक मानाची. आपण वडिलांना, सरांना, आजोबांना अनेकवचन वापरतो. "बाबा आले आहेत." म्हणून हात आपोआप "माय फादर हॅव कम" लिहितो. कन्नडमध्येही तीच रीत, "तंदेयवरु बंदरु". म्हणजे दोन्ही भाषा मिळून आपल्याला तिकडे ढकलतात. इंग्रजीत माणूस कितीही मोठा असो, तो एकच: "माय फादर हॅज कम", "द हेडमास्टर इज इन हिज ऑफिस". अशा वाक्यात मराठी चाचणी घेताना वडिलांच्या जागी धाकटा भाऊ घालून बघा. "भाऊ आला आहे." झालं काम.

दुसरी चूक ने आणि ला यांची. ती जास्त खोल आहे. "शेतकऱ्याने पोती विकली आहेत." आहेत कुणामुळे आलं? पोत्यांमुळे. शेतकरी एकटाच आहे, पण त्याला ने लागला, म्हणून क्रियापद कर्माकडे वळलं. हाच कर्मणी प्रयोग. आता हे वाक्य डोक्यात मराठीत तयार होतं, आहेत ऐकू येतं आणि हातून लिहिलं जातं "द फार्मर हॅव सोल्ड द बॅग्ज." चूक. इंग्रजी क्रियापद पोत्यांकडे बघतच नाही. विकणारा एक, म्हणून हॅज.

इथे आपल्या भागातल्या मुलांच्या हाताशी एक आधार आहे, जो पुण्या-साताऱ्याच्या मुलांजवळ नसतो. शाळेत शिकलेलं कन्नड आठवा: "रैतनु चीलगळन्नु मारिदनु." मारिदनु मधला शेवटचा नु शेतकऱ्याचा आहे. पोती दोन असोत की दोनशे, तो बदलत नाही. शेतकरी अनेक झाले तरच मारिदरु. कन्नड क्रियापद भूतकाळातही करणाऱ्यामागेच जातं, आणि इंग्रजीही तसंच जातं. त्यामुळे हॅज-हॅवचं वाक्य आलं आणि मराठीत ने लागत असेल, तर चाचणी कन्नडमध्ये घ्या. घरी, गल्लीत, बसमध्ये जे कन्नड कानावर पडतं त्याचा इंग्रजीला असा उपयोग होतो, हे मला स्वतःलाही बऱ्याच वर्षांनी उमगलं.

ला चं तसंच. "तिला दोन भाऊ आहेत", पण "शी हॅज टू ब्रदर्स". "त्याला आंबे आवडतात", पण "ही लाइक्स मँगोज". "आजीला दोन भाषा येतात", पण "ग्रँडमदर नोज टू लँग्वेजेस". मराठीत भाऊ, आंबे, भाषा क्रियापद चालवतात. इंग्रजीत ती, तो आणि आजी चालवतात. नियम असा धरा: मराठीतला चा-ची-चे इंग्रजीत ऑफ होतो, त्याला कंस करायचा. मराठीतला ने किंवा आवडणं-असणं-येणं यांच्या आधीचा ला इंग्रजीत नाहीसा होतो, आणि तो माणूस वाक्याच्या तोंडाशी उघडा येऊन बसतो. त्याला कंस करायचा नाही. तोच कर्ता.

तिसरी चूक शब्दांची. मराठीत पैसे अनेकवचनी, मनी एकवचनी: "द मनी इज इन द बँक." केस पिकले, पण "हर हेअर इज ग्रे". बातम्या लागल्या, पण "द न्यूज इज ऑन". उलट आपला चष्मा एक, कात्री एक, पॅन्ट एक, आणि इंग्रजीत स्पेक्टॅकल्स, सिझर्स, ट्राउझर्स अनेक: "द सिझर्स आर ऑन द टेबल." मात्र आधी पेअर ऑफ आलं तर कर्ता पेअर: "अ पेअर ऑफ सिझर्स इज". आपल्याकडे "एक पोलीस आला" चालतं, इंग्रजीत पोलीस नेहमी अनेकवचनी: "द पोलीस हॅव अरेस्टेड हिम." कॅटलही तसंच. मॅथेमॅटिक्स, इकॉनॉमिक्स, पॉलिटिक्स यांच्या शेवटी एस असला तरी विषय म्हणून ते एकवचनी.

चौथी, सगळे. "सगळे आले" म्हणून "एव्हरीवन हॅव कम" लिहिलं जातं. एव्हरीवन, एव्हरीबडी, ईच, एव्हरी यांचं मराठी "सगळे" असं करूच नका. "प्रत्येक जण" असं करा. प्रत्येक जण आला. एकवचन आपसूक येतं. "ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ बसपास": प्रत्येक मुलीकडे पास आहे. "एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल हॅज" इथे अँड असूनही एकवचन, कारण प्रत्येक मुलाकडे आणि प्रत्येक मुलीकडे आपण सुटं सुटं बघतोय. ईच अनेकवचनी कर्त्याच्या मागून आला तर मात्र त्याची सत्ता चालत नाही: "द गर्ल्स ईच हॅव अ बसपास." हा बारकावा क्वचित विचारतात, पण विचारला की बहुतेक जण चुकतात.

वन ऑफ द, आणि त्यामागचा हू

"वन ऑफ द गर्ल्स इज ॲबसेंट" सोपं आहे. मुलींपैकी एक गैरहजर आहे. कर्ता वन. वन ऑफच्या मागे नाम अनेकवचनीच हवं, हेही इथेच तपासून घ्या. "वन ऑफ द गर्ल" असं देऊनही चूक विचारतात.

अवघड होतं ते पुढे हू किंवा दॅट आल्यावर. "शी इज वन ऑफ द गर्ल्स हू स्पीक थ्री लँग्वेजेस." स्पीक की स्पीक्स? शिकवणाऱ्यांचेही इथे वाद होतात. पण मराठीत टाकलं की उत्तर स्वच्छ दिसतं: "तीन भाषा बोलणाऱ्या मुलींपैकी ती एक आहे." बोलणाऱ्या हा शब्द कुणाला चिकटला? मुलींना. म्हणून स्पीक. आणि वाक्य असं असेल तर: "शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू स्पीक्स थ्री लँग्वेजेस." मुलींमध्ये तीन भाषा बोलणारी ती एकटीच. बोलणारी, एकवचन. म्हणून स्पीक्स. द ओन्ली वन दिसलं की एकवचन, नुसतं वन ऑफ द दिसलं की हूच्या नंतर अनेकवचन. हा भेद मराठी कृदंतात जितका स्पष्ट दिसतो तितका मला कुठल्याच नियमाच्या पुस्तकात दिसलेला नाही.

नंबरची जोडीही अशीच. "द नंबर ऑफ सीट्स हॅज कम डाउन": जागांची संख्या घटली. "अ नंबर ऑफ सीट्स आर व्हेकंट": बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. द असेल तर संख्या, अ असेल तर बऱ्याच. मेनी अ मात्र अर्थाने पुष्कळ आणि क्रियापदाने एक: "मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड." मोअर दॅन वनही तसंच एकवचनी.

बाकीचं भराभर

अँडने जोडलेले दोन कर्ते अनेकवचनी. दोन शब्द मिळून एकच माणूस असेल तर एकवचनी, आणि ती खूण आर्टिकलमध्ये असते: "द पोएट अँड टीचर इज हिअर" म्हणजे एकच माणूस, "द पोएट अँड द टीचर आर हिअर" म्हणजे दोघे.

आयदर-ऑर, नायदर-नॉर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो यांत क्रियापदाच्या जवळचा कर्ता जिंकतो. मराठीतही "दोन केळी किंवा एक पेरू मिळेल", पण "एक पेरू किंवा दोन केळी मिळतील" असंच आपण म्हणतो. "नायदर द ब्रदर्स नॉर द सिस्टर वॉज ॲट होम."

देअर कर्ता नसतो. पुढे बघा: "देअर आर टू बसेस टू निपाणी." जागेचा शब्द आधी आला तरी तसंच: "बिहाइंड द टेम्पल स्टँड टू ओल्ड ट्रीज." देवळामागे झाडं उभी आहेत, देऊळ नव्हे.

अंतर, रक्कम, वेळ एकगठ्ठा धरले तर एकवचन: "टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक." अपूर्णांक आणि टक्के ऑफनंतर येणाऱ्या नामाकडे बघतात. कंसाच्या नियमाला असलेला हा एक महत्त्वाचा अपवाद. "हाफ ऑफ द फील्ड इज ड्राय", "हाफ ऑफ द फील्ड्स आर ड्राय". सम, ऑल, मोस्ट यांचंही तसंच.

टीम, कमिटी, फॅमिली या शब्दांना आपल्या परीक्षांत साधारणपणे एकवचनच धरतात. त्यातली माणसं आपापसांत भांडत असली किंवा वेगवेगळं करत असली तर अनेकवचन. क्रियापदाला आयएनजी लावून कर्ता केला तर एकवचन: "रीडिंग न्यूजपेपर्स हेल्प्स." वर्तमानपत्रं वाचणं उपयोगी पडतं. आणि "इफ आय वेअर यू", "आय विश ही वेअर हिअर" इथला वेअर चुकीचा समजून बदलू नका. ते न घडलेल्या गोष्टीचं रूप आहे.

पर्यायांसमोर बसल्यावर

समजा वाक्य आहे: "द लिस्ट ऑफ कँडिडेट्स फ्रॉम द बॉर्डर व्हिलेजेस हॅव बीन पुट अप ऑन द बोर्ड." पर्याय चार: हॅज पुट अप, हॅज बीन पुट अप, हॅव पुट अप, नो इम्प्रूव्हमेंट. चारही पर्याय एकेक करून वाक्यात घालून वाचत बसू नका, ४० सेकंद तिथेच संपतात. आधी पर्यायांचे दोन गट पाडा. हॅजवाले दोन, हॅववाले दोन (नो इम्प्रूव्हमेंट म्हणजेही हॅवच). कर्ता लिस्ट, म्हणून हॅव गट एका झटक्यात गेला. उरलेल्या दोघांत फरक बीनचा. यादी स्वतः काही लावत नाही, ती लावली जाते. म्हणून हॅज बीन पुट अप. पुष्कळ मुलं हॅज दिसला की पहिल्याच पर्यायावर खूण करून पुढे जातात. कर्ता बरोबर ओळखूनही गुण जातो, तो असा.

घरचा सराव रोज दहा वाक्यांचा पुरे. पण वही चार रकान्यांची करा: वाक्य, मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि कुणी फसवलं. चौथ्या रकान्यात चारच शब्दांपैकी एक लिहायचा: शेजारी, मान, ने-ला किंवा शब्द. यांत न बसणारी चूक असेल तर नियमाचं नाव. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीची वही माझ्यासमोर आहे. पहिल्या चार पानांवर सगळीकडे शेजारी आहे. आठव्या पानानंतर शेजारी जवळजवळ दिसत नाही, पण ने-ला अजून येतं. मग पुढचे पंधरा दिवस तिने फक्त हॅज-हॅवची वाक्यं सोडवली. कुठे वेळ घालायचा हे वहीच सांगते, क्लासची फी भरायची गरज त्यासाठी नाही.

आता ही सहा वाक्यं स्वतः करून बघा. उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा.

एक: "ईच ऑफ द वर्कर्स इन द टोबॅको गोडाउन्स गेट अ वीकली वेज."
दोन: "माय ग्रँडमदर, लाइक मेनी विमेन ऑफ हर एज, स्पीक कन्नड ॲज वेल ॲज मराठी."
तीन: "टू-थर्ड्स ऑफ द शुगरकेन हॅव बीन कट."
चार: "निपाणी इज वन ऑफ द टाउन्स दॅट लाइज ऑन द पुणे-बेंगळुरू हायवे."
पाच: "नॉट ओन्ली द स्टुडंट्स बट ऑल्सो द टीचर वेअर वेटिंग फॉर द बस."
सहा: "अ नंबर ऑफ फार्मर्स फ्रॉम येळ्ळूर हॅव सोन राइस धिस इयर."

पहिल्यात गेट्स, प्रत्येक कामगाराला पगार मिळतो. दुसऱ्यात स्पीक्स. इथे लाइकपासून एजपर्यंत कंस, आणि आजीला मान देऊन अनेकवचन करायचं नाही. शेवटचा ॲज वेल ॲज भाषांना जोडतो, कर्त्याला नाही, म्हणून त्याच्याकडे बघायचं कारण नाही. तिसऱ्यात हॅज, कारण अपूर्णांक उसाकडे बघतो आणि शुगरकेन इथे मोजायचं नाम नाही. चौथ्यात लाय, महामार्गावर असलेल्या गावांपैकी निपाणी एक. पाचव्यात वॉज, जवळचा कर्ता टीचर. सहावं वाक्य बरोबर आहे. तिथे हॅज केला असेल तर एकतर क्रियापदाशेजारचं येळ्ळूर दिसलं असेल, नाहीतर अ नंबरला द नंबर समजला असाल. वहीच्या चौथ्या रकान्यात त्यातलं जे खरं असेल ते लिहा.